हातमोजा ते बृहन्मुंबई : जोडशब्दांचा इतिहास

१/ हातमोज्याला जर्मन भाषेत ‘हांटशू’ म्हणतात. ‘हांट’ म्हणजे हात, ‘शू’ म्हणजे बूट. जर्मनांनी हाताला बूट चढवला, मराठीने मोजा, घडण एकच. जोडशब्द ही जर्मनची मिरासदारी मानली जाते, परंतु मराठीचे दालनही तितकेच समृद्ध आहे.

२/ नियमही समान आहे : लिंग ठरते उत्तरपदावरून. ‘पोळी’ स्त्रीलिंगी, ‘पाट’ पुल्लिंगी. म्हणून ‘पोळपाट’ पुल्लिंगी. ‘हांट’ स्त्रीलिंगी, ‘शू’ पुल्लिंगी. म्हणून ‘हांटशू’ही पुल्लिंगी. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील असून समास हा त्या कुळाचा प्राचीन ठेवा आहे.

३/ मराठीत दुसरा प्रवाह फारसीतून आला. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्यावरून वाकेनवीस, चिटणीस, फडणीस. वापरात ‘नवीस’ झिजून ‘नीस’ उरले. जर्मन भाववाचक नामांतील ‘हाइट’ हा प्रत्ययही एके काळी स्वतंत्र शब्द होता.

४/ शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे १३८० शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. अष्टप्रधानांतील वाकेनवीस ‘मंत्री’ झाला, सुरनीस ‘सचिव’. हे शब्द आजही मंत्रालयात नांदतात. मात्र चिटणीस आणि फडणीस पेशवाईतही टिकले व पुढे आडनावे झाले.

५/ जर्मनीतही असेच घडले. १८७७ मध्ये तेथे टेलिफोन आला, तेव्हा टपालखात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांनी ‘फेर्नश्प्रेखर’, म्हणजे दुरून बोलणारा, हा शब्द रूढ केला. आज जर्मन माणूस ‘टेलेफोन’च म्हणतो, जसे आपण ‘दूरध्वनी’ अर्जात लिहितो आणि बोलताना ‘फोन’ म्हणतो. सावरकरांच्या भाषाशुद्धीतील ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ मात्र रुळले.

६/ आता आपले उपनगर पाहा. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत वाढली. अंधेरी, घाटकोपर आत आले. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली, बोरिवलीही सामावली. या विस्तारलेल्या शहराचे नाव ‘बृहन्मुंबई’ : बृहत् + मुंबई. संस्कृत संधीने ‘त्’चा ‘न्’ झाला आणि एका लोकभाषेतील नावाला तो सहज जुळला.

७/ शब्द घडवणे राजाला, पंडिताला किंवा टपालखात्याला जमते. टिकवणे केवळ बोलणाऱ्यांना. म्हणून नव्या मराठी प्रतिशब्दाला हसण्यापूर्वी एवढे आठवावे : ‘महापौर’ही एके काळी नवखाच होता.