हैदराबादचे कुत्रे आणि क्लोरोफॉर्म

कुत्र्याच्या मागल्या पायाच्या गुडघ्यात दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा तुटला की कुत्रा लंगडू लागतो. सांध्यातील हाडे परस्परांवर घसरतात, कूर्चा झिजते आणि कालांतराने संधिवात जडतो. विश्रांती, वजनावर ताबा आणि वेदनाशामक औषधे यांनी काहींना आराम पडतो. मोठ्या कुत्र्यांवर मात्र बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. तीसाठी रुग्णाला निर्धोकपणे गुंगी देता आली पाहिजे. या विद्येच्या इतिहासातील एक प्रकरण हैदराबादेत घडले, आणि त्याची किंमत कुत्र्यांनीच मोजली.

क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून की हृदय बंद पडून, असा त्या काळी वाद होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. श्वासाकडे लक्ष ठेवावे, हृदयाची भीती बाळगू नये, असे त्यांचे मत होते. निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली त्यांनी शंभरावर कुत्र्यांवर प्रयोग करविले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामांनी हजार पौंड देऊन त्या पत्राचाच प्रतिनिधी बोलाविला. त्याप्रमाणे १८८९ साली डॉ. लॉडर ब्रंटन आले. कुत्रे, माकडे, घोडे, शेळ्या मिळून चारशेंहून अधिक प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले. ब्रंटन आरंभी विरुद्ध मताचे होते. अखेर त्यांनीही लॉरींची बाजू मान्य केली.

तथापि वाद मिटला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, गुंगी हलकी असताना हृदय एकाएकी कंप पावून बंद पडू शकते. हैदराबादेत मुख्यतः अतिमात्रेची परीक्षा झाली होती. प्रश्न जेवढा विचारला, तेवढेच उत्तर मिळाले. श्वास पाहण्याची शिकवण मोलाची होती; हृदय निर्धास्त मानणे ही चूक होती.

पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे साकी पात्सामा यांनी कुत्र्याच्या मांडीवरील स्नायूवेष्टनाची पट्टी सांध्यातून ओवून तुटलेल्या बंधाची उणीव भरून काढण्याची रीत मांडली. त्यानंतर आणखीही रीती निघाल्या. क्लोरोफॉर्म आज मागे पडले आहे. कुत्र्याच्या गुडघ्यावर शस्त्र चालते, तेव्हा वैद्य त्याच्या श्वासावर आणि हृदयावर, दोहोंवर सारखेच लक्ष ठेवतो. हैदराबादच्या त्या मुक्या जिवांना माणसासाठी निजविले होते, आणि त्यांतील बहुतेक पुन्हा उठले नाहीत. आज त्यांच्याच जातीचा रुग्ण स्वतःच्या पायासाठी निजतो आणि जागा होतो, तेव्हा त्यांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्यच होय.