घामात उतरलेलं वजन

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. कोयनानगरला सकाळचे दहा वाजले असतील, ऊन चांगलंच तापलं होतं. समोरून शेजारचा नववीतला मुलगा पळत आला. अंगात स्वेटर, त्याच्या आत प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला, ओठ कोरडे पडलेले. "अरे, हे काय सोंग?" मी विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, परवा शाळेच्या कुस्त्यांचं वजन हाय. दोन किलो उतरवायचंय. कालपास्नं पाणी प्यालो न्हाई."

मी त्याला घरात बसवलं, थोडं थोडं पाणी पाजलं आणि आपल्याच मुलखातल्या एका पैलवानाची गोष्ट सांगितली.

आमची कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. त्या संगमापासून जवळच गोळेश्वर हे गाव आहे. खाशाबा जाधव तिथले. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. ज्या तांबड्या मातीत ते घडले, तिथे वजन उतरवणं ही गोष्टच नव्हती. जत्रेच्या फडात जोड नजरेनं लावायची. पैलवानानं दूध, तूप, बदामाचा खुराक खायचा आणि अंग भरायचं, हीच रीत. वजनगट आले ते बाहेरून. १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकमध्येही कुस्तीला गट नव्हते. १९०४ पासून ते सुरू झाले. हलक्या माणसावर अन्याय होऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण गट आले तशी पळवाटही आली. वजनापुरतं हलकं व्हायचं आणि कुस्तीला पुन्हा जड होऊन उतरायचं.

खाशाबा १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात खेळले. मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे पदक आलं ५७ किलो गटात, म्हणजे आधीपेक्षा वरच्या गटात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग दोन दिवसांत उतरतं ते वजन कशाचं? बहुतांशी पाण्याचं. आम्हा कोयनेकरांना हे चटकन कळतं. धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की पातळी उतरते आणि पाऊस झाला की पुन्हा चढते. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी असतं. उपाशी राहिलं की हा साठा संपतो आणि काट्यावर दोन किलो कमी दिसतात. चरबी मात्र जागच्या जागी असते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. साधारण माणूस दिवसाला दोन हजारांच्या आसपास खर्च करतो. म्हणजे निर्जळी उपास केला तरी दिवसाला पाव किलोच चरबी जळणार. "सात दिवसांत सात किलो" असं जाहिरात सांगते. हिशेबानं त्याला सत्तावीस दिवसांचा कडकडीत उपास लागेल!

आणि हे पाणी फुकट जात नाही. रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो, घाम आटला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल जेमतेम महिन्याभरात दगावले. तिघेही वजन उतरवण्यासाठी घाम गाळत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख आणि तापवलेल्या खोल्यांवर बंदी आली, वजन कुस्तीच्या वेळेजवळ घेण्याचा नियम झाला.

पॅरिसचं ऑलिम्पिक तर आपण सर्वांनी पाहिलं. पूर्वी ५३ किलोत जागतिक पदकं मिळवलेली विनेश फोगट २०२४ साली ५० किलोत उतरली. ६ ऑगस्टला तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत गेली. रात्रभर व्यायाम केला, घाम काढला, केससुद्धा कापले. ७ तारखेला सकाळी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत होता. ती बाद झाली. डॉक्टर, प्रशिक्षक, सगळे हाताशी असताना हे घडलं. मग प्लॅस्टिक गुंडाळून एकट्यानं पळणाऱ्या पोराचं काय?

लग्नाआधी, फोटोसाठी किंवा पैज म्हणून झटपट बारीक होऊ पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो, ही टिकणारी चाल. त्याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि पहिला घास पोटभर खाल्ला की पाणी परत येतंच. फार मोठं वजन उतरवायचं असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आमच्या त्या मुलानं दुसऱ्या दिवशी सरांना सांगून वरच्या गटात नाव घातलं. दुसऱ्या फेरीत हरला. घरी आला आणि आईच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या. यंदा तो त्याच गटात खेळणार आहे. या वेळी प्लॅस्टिकचा कागद लागणार नाही.