चिपचे जन्मगाव

हापूस देवगडचा की आणखी कुठला, हे नुसत्या वासावरून सांगणारी माणसे आपल्याकडे घरोघरी सापडतात. कस्टमच्या अधिकाऱ्याला ही सोय नसते. त्याच्यापुढे कागद येतात आणि त्यावरून दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : माल कोणत्या सदरात मोडतो आणि तो कोणत्या देशाचा. मी सॉफ्टवेअरचा माणूस, पण ज्या चिपवर माझा प्रोग्रॅम चालतो तिची ही कागदोपत्री कुंडली पाहू लागलो, तेव्हा या दोन रकान्यांनी कारखानेच्या कारखाने हलवलेले दिसले.

पहिल्या रकान्याचे उत्तर तसे सोपे आहे. १ जानेवारी १९८८ पासून मालाच्या वर्गीकरणाची एक सामाईक आंतरराष्ट्रीय यादी लागू झाली. अमेरिकेने ती एक वर्षाने स्वीकारली. तिच्यात सुटी चिप ८५४२ या सदरात, साधा ट्रान्झिस्टर ८५४१ मध्ये, अख्खा संगणक ८४७१ मध्ये, आणि चिपा बसवलेला मदरबोर्ड ८४७३ मध्ये, म्हणजे संगणकाचा सुटा भाग म्हणून.

खरी गुंतागुंत दुसऱ्या रकान्यात आहे. चिपचा आराखडा एका देशात होतो. दुसऱ्या देशात सिलिकॉनच्या चकतीत ठरावीक मूलद्रव्ये प्रचंड उष्णतेत मुरवतात. याला डिफ्यूजन म्हणतात. मग ती चकती तिसऱ्या देशात जाते. तिथे तिचे तुकडे करून, तारा जोडून, वेष्टनात बसवून चाचणी होते. आता ही चिप कुठली म्हणायची?

अमेरिकेच्या १९६३ च्या जकात-सूचीत ८०७ क्रमांकाचे एक कलम होते. अमेरिकी सुटे भाग परदेशी नेऊन जोडून आणले, तर त्या भागांची किंमत वजा करून उरलेल्या किमतीवरच जकात. आशियातील स्वस्त मजुरीला या कलमाची जोड मिळाली. फेअरचाइल्ड कंपनी हाँगकाँगला गेली, आणि १९७२ मध्ये इंटेलने आपला पहिला परदेशी जोडणी-कारखाना मलेशियातील पेनांगला काढला. चकती अमेरिकेत आणि जोडणी पूर्वेकडे, ही विभागणी तेव्हापासून रुळली.

युरोपची कथा याहून बोलकी आहे. युरोपीय समुदायात बाहेरच्या चिपवर १४ टक्के जकात होती. युरोपात जोडणी आणि चाचणी केली की चिप युरोपीय ठरत असे. त्यामुळे जपानी कंपन्यांना तिथे नुसते जोडणीचे कारखाने काढून भागत होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये ब्रुसेल्सने नियम काढला की जिथे डिफ्यूजन, तो चिपचा देश. एका वाक्याने जोडणीच्या कारखान्यांची किंमत उतरली. त्याच वर्षी इंटेलने आयर्लंडमधील लीक्स्लिप आणि फुजित्सूने इंग्लंडमधील न्यूटन एक्लिफ ही गावे निवडली, ती प्रत्यक्ष चकत्या बनवण्यासाठी. जकात हे एकमेव कारण नव्हते. सरकारी मदत होती, इंग्रजी जाणणारे कामगार होते. पण तो नियम नसता तर एवढ्या भांडवलाची घाई कोणी केली नसती, असे माझे मत आहे.

नियमाने आणलेला कारखाना टिकेलच असे मात्र नाही. मेमरी चिपांचे भाव कोसळले आणि १९९८ मध्ये फुजित्सूने न्यूटन एक्लिफला टाळे ठोकले. कारखाना सुरू होऊन सातच वर्षे झाली होती. जवळजवळ ६०० जणांची नोकरी गेली. लीक्स्लिप मात्र वाढत गेले.

दरम्यान जकातच नाहीशी करण्याची हवा आली. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला माहिती-तंत्रज्ञानाच्या मालाचा करार झाला आणि जुलै १९९७ पासून अमलात आला. १९९१ च्या अर्थसंकल्पात ज्या भारताने कमाल आयात कर 'खाली' आणला तो १५० टक्क्यांवर, तोच भारत १९९७ मध्ये या करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायला राजी झाला. जकातच शून्य, मग चिपचे गाव कोण विचारतो?

तो प्रश्न पुन्हा विचारला गेला २०१८ मध्ये, अमेरिकेने चिनी चिपांवर २५ टक्के जादा जकात लावली तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अमेरिकी मालावरची जकात १२५ टक्क्यांपर्यंत नेली. त्याच सुमारास तिथल्या चिप-उद्योगाच्या संघटनेने जाहीर केले की जिथे चकती बनते तेच चिपचे मूळ. म्हणजे आराखडा कॅलिफोर्नियाचा पण चकती तैवानची, तर चिप तैवानी. चकती टेक्ससची असेल तर अमेरिकी. ब्रुसेल्सचे १९८९ चे सूत्र छत्तीस वर्षांनी बीजिंगमध्ये अवतरले!

आपण अमेरिकेतली मंडळी या तर्काला चांगले ओळखतो. ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावरून ठरत नाही, जन्मदेशावरून ठरते. माणूस शिकला कुठे, घडला कुठे, कर भरतो कुठे, याला त्या रकान्यात जागा नाही. मोजायला सोपे ते मोजायचे, ही सरकारी कागदांची जुनीच रीत.

आता भारताकडे पाहू. २०२३ मध्ये गुजरातेतील साणंदला मायक्रॉनचा कारखाना जाहीर झाला. तो जोडणी आणि चाचणीचा आहे, चकत्या बाहेरून येणार. २०२४ मध्ये मंजुरी मिळालेला टाटांचा धोलेऱ्याचा प्रकल्प मात्र चकत्यांचा आहे. डिफ्यूजनचा नियम लावला तर साणंदची चिप भारतीय ठरत नाही. जोडणीचा लावला तर ठरते. तेव्हा 'भारतीय चिप आली' अशी बातमी वाचून आपण पेढे जरूर वाटावेत, पण चकती कुठे मुरली तेवढे विचारून घ्यावे. तिथे कामाला लागलेल्या मुलामुलींचे भवितव्य बरेचसे त्याच उत्तरावर अवलंबून आहे, आणि ते उत्तर साणंदला नव्हे, माल घेणाऱ्या देशांच्या कस्टम-कचेऱ्यांत लिहिले जाणार आहे.