कारखान्यातील रविवार

२२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केली. ब्रिटन एकाकी पडले. दुसऱ्याच दिवशी बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. रोज सकाळी व दुपारी अर्धा तास कारखान्यांतील ध्वनिक्षेपकांवरून हलकेफुलके संगीत वाजू लागले. यंत्रांच्या घरघरीत ऐकू यावी अशी ठाशीव चाल हवी. संथ सूर वर्ज्य. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे गीत तर वगळावेच लागले, कारण त्यातील टाळ्यांच्या ठेक्यावर कामगार हातातील हत्यारे आपटत!

उत्पादन वाढावे, हा हेतू उघड होता. पहिला दिवस रविवार होता, हे धर्मगुरूच्या मनाला खुपते. तरीही, ज्यांचे पती-पुत्र रणांगणावर होते त्या कामगार स्त्रियांच्या या विरंगुळ्याला क्षुद्र म्हणणे मला जमत नाही. युद्ध संपले; कार्यक्रम मात्र १९६७ पर्यंत चालला.