असईची लढाई जिंकणाऱ्याचं आयर्लंडमधलं हरवलेलं घर

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्यानंतर बरोबर सहा दिवसांनी २३ सप्टेंबर येतो आणि कुणाच्या लक्षातही न येता निघून जातो. खरं तर या दोन तारखा एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्याच भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात, असईला, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगराखालचा आपला मुलूख सोडावा लागला. त्यात जालना होतं, गंगापूर होतं. तो मुलूख कंपनीने निजामाच्या पदरात टाकला. म्हणजे १९४८ ला आपण ज्या राजवटीतून सुटलो, तिच्या हाती आपल्याला देणारा कागद असईच्या जोरावर लिहिला गेला होता.

लढाई जिंकणारा जनरल आर्थर वेलस्ली. पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. पण हा गडी मूळचा कुठला, कुठल्या घरातला, हे आपण कधी विचारत नाही. आज त्या घराबद्दल लिहितो. घर राहिलेलं नाही, पण गोष्ट भारी आहे.

आयर्लंडमध्ये मीथ नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिथे ट्रिम आणि समरहिल या गावांच्या मध्ये डँगन नावाची जहागीर होती आणि तिच्यावर एक मोठा वाडा होता. आपल्याकडे गावोगावी पांढऱ्या मातीच्या गढ्या होत्या ना, देशमुखांच्या, जहागीरदारांच्या? तोच प्रकार, फक्त दगडी आणि खिडक्यांचा. आत मालक इंग्रज वंशाचा प्रोटेस्टंट, बाहेर जमीन कसणारं कूळ आयरिश कॅथलिक. धर्म वेगळा आणि जमिनीची मालकीही एकाच बाजूला. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

डँगनचा मालक गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला. १७२८ मध्ये जहागीर त्याच्या नात्यातल्या रिचर्ड कॉली याच्याकडे गेली आणि त्याने आडनाव बदलून वेस्ली लावलं. आपल्याकडे दत्तक गेल्यावर होतं तसंच. या रिचर्डला हौस दांडगी. बागेत कालवे काढले, दगडी सुळके उभे केले, तळ्यात छोटी जहाजं सोडली आणि काठावर खेळण्यातला किल्ला बांधून त्यावर तोफा ठेवल्या. मिसेस डिलेनी नावाची एक बाई तिथे पाहुणी जायची, तिने पत्रात या सगळ्याचं वर्णन केलंय. मालकाचा लहानगा मुलगा, पुन्हा गॅरेटच, हा त्या किल्ल्याचा किल्लेदार आणि तळ्यातल्या आरमाराचा सरखेल! तिच्या स्वागताला त्याने निशाणं चढवली. तोफांची सलामी मात्र तिने नको म्हटली, तर पोरगं हिरमुसलं.

हा हिरमुसलेला पोरगा म्हणजे आर्थरचा बाप. मोठेपणी तो लॉर्ड मॉर्निंग्टन झाला, पण जीव सगळा संगीतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक होता. १७८१ मध्ये वारला तेव्हा मागे सूर आणि कर्ज दोन्ही ठेवून गेला. थोरला रिचर्ड गादीवर आला, पण जहागीर सांभाळणं जमेना. १७९३ मध्ये त्याने डँगन बरोज नावाच्या कर्नलला विकून टाकलं. धाकटा आर्थर बापासारखाच व्हायोलिन वाजवायचा. त्याच १७९३ साली त्याने व्हायोलिन जाळून टाकलं आणि शिपाईगिरीत पूर्ण लक्ष घातलं. घर विकलं गेलं आणि व्हायोलिन जळालं, दोन्ही एकाच वर्षी. यातून मोठा अर्थ काढायचा नाही, पण मला ते विसरता येत नाही.

मग हे कर्जबाजारी घराण्यातले भाऊ हिंदुस्थानात आले. आर्थर १७९७ ला आला. रिचर्ड १७९८ ला थेट गव्हर्नर जनरल म्हणून. तैनाती फौजेवाला लॉर्ड वेलस्ली तो हाच. धाकटा हेन्रीही सोबत, त्याला अवधकडून घेतलेल्या मुलखाच्या कारभारावर बसवलं. एक भाऊ धोरण ठरवतो, दुसरा तलवार चालवतो, तिसरा वसुली बघतो. घराणेशाहीवर बोलताना आपण फक्त आपल्याच पुढाऱ्यांना नावं ठेवतो, म्हणून सांगितलं.

आता असई. आर्थरकडे म्हैसूर आणि पेशव्यांचे स्वार धरून नऊ-साडेनऊ हजार माणसं. समोर शिंद्यांची पोलमनच्या हाताखालची १० हजारांवर कवायती पायदळ, शंभरावर तोफा आणि घोडदळ तर मोजदादीपलीकडे. मराठी फौज केळणा नदीच्या पलीकडे, केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात उभी होती. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. आर्थरने पाहिलं की दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. म्हणाला, मग येण्याजाण्याची वाट असणारच. होतीच. आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याने हे सांगितलं असतं, पण त्या दिवशी तिथे पहारा ठेवायचं कुणाला सुचलं नाही. सगळी लढाई त्या उतारावर फिरली.

तरी ती सोपी झाली नाही. आपल्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. संगिनी छातीला भिडेपर्यंत बत्ती देत राहिले, हे शत्रूने लिहून ठेवलंय. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागल्या. इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी. मराठी घोडदळ मात्र लढाईत फारसं उतरलंच नाही. ९८ तोफा शत्रूच्या हाती लागल्या. डँगनच्या तळ्याकाठी ज्याच्या बापाने लुटुपुटूच्या तोफा मांडल्या, त्याच्या पोराच्या हाती या खऱ्या आल्या. म्हातारपणी वॉटर्लू जिंकून झाल्यावरही तो असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानायचा.

इंग्लंडला मात्र हे भाऊ पूर्ण आपले कधी वाटले नाहीत. टिपूला हरवल्यावर रिचर्डला मार्क्विस किताब मिळाला, पण आयरिश दर्जाचा. तो इतका चिडला की त्याला मुलामा दिलेला बटाटा म्हणाला! आणि आयरिशांनाही ते आपले वाटले नाहीत. डॅनियल ओकॉनेल हा त्यांचा मोठा पुढारी वेलिंग्टनबद्दल म्हणाला होता की तबेल्यात जन्मला म्हणून कुणी घोडा होत नाही.

इकडे डँगनमध्ये नवा भाडेकरू आला, रॉजर ओकॉनर. हा इंग्रजांविरुद्ध उठलेल्या युनायटेड आयरिशमन संघटनेतला, तुरुंग भोगून आलेला. म्हणे नेपोलियन आयर्लंडला आला तर त्याला उतरवायला शोभेलसं घर हवं, म्हणून डँगन घेतलं. नेपोलियन काही आला नाही. १८०९ च्या सुमारास वाड्याला आग मात्र लागली आणि तीही पाच हजार पौंडांचा विमा उतरवल्यावर थोड्याच दिवसांत. आता काय समजायचं ते समजा. पुढे याच महाशयांवर गॉलवेची टपालगाडी लुटल्याचा खटला चालला. १८१७ मध्ये ते निर्दोष सुटले.

रॉजरची पोरंही याच घरात वाढली. फ्रान्सिस दक्षिण अमेरिकेत जाऊन बोलिव्हारच्या फौजेत स्पेनविरुद्ध लढला. बोलिव्हियात एका प्रांताला त्याचं नाव आहे. दुसरा फर्गस, चार्टिस्ट चळवळीचा नेता. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत द्या आणि मतदान गुप्त ठेवा, या त्यांच्या मागण्या. १० एप्रिल १८४८ ला त्याने लंडनच्या केनिंग्टन मैदानात कामगारांची सभा घेतली, तिथून पार्लमेंटवर मोर्चा न्यायचा होता. सरकार घाबरलं. लंडनच्या बंदोबस्ताची आखणी कुणाकडे दिली? जवळपास ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या वेलिंग्टनकडे. म्हणजे एकाच वाड्यात लहानपण घालवलेली दोन माणसं, एक मोर्च्याच्या पुढे आणि एक पोलिस-पलटणींच्या मागे. मोर्चा रद्द झाला, अर्ज भाड्याच्या गाड्यांतून पोहोचवला गेला. त्या मागण्यांतल्या बहुतेक पुढे मान्य झाल्या. आज आपण गुप्त मतदान करतो, त्यात डँगनच्या या दुसऱ्या पोराचाही वाटा आहे. मला विचाराल तर त्या घराचा खरा वारस तो.

१९२० ते १९२३ या स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या काळात आयर्लंडमधले असे शेकडो वाडे जाळले गेले. डँगनच्या शेजारचा समरहिलचा भव्य वाडा फेब्रुवारी १९२१ मध्ये जळाला. डँगनला कुणी पेटवायची गरजच उरली नव्हती. आज तिथे शेतात बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. आपल्याकडे १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, गढ्या पावसाने झिजल्या, लोकांनी माती धाब्यावर टाकायला नेली. भिंती दोन्हीकडे सारख्याच पडल्या.

पण हिशेब सारखा राहिला नाही. ट्रिम गावात वेलिंग्टनचा खांब १८१७ पासून उभा आहे. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती असईच्या लढाईतून आलाय, कारण कंपनीच्या बाजूने मद्रासी शिपाई लढले होते. आणि तोफांपाशी उभे राहून मेलेले आपले? रणांगणावर सुमारे बाराशे प्रेतं होती असा अंदाज खुद्द आर्थरने नोंदवलाय. इंग्रजांच्या प्रत्येक पलटणीतले मेलेले अधिकारी नावानिशी सापडतात. या बाराशेंतलं एकही नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

असई, पिंपळगाव, वरूड, भोकरदनकडची मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर एक विनंती. घरात आजी-आजोबांकडून लढाईबद्दल काही ऐकलं असेल, एखाद्या शेताला किंवा बांधाला त्यावरून पडलेलं नाव असेल, तर खाली लिहा. २३ सप्टेंबरच्या आत जमेल तेवढं गोळा करून ठेवू.