चाकरीतला अष्टपैलू : विल्फ्रेड ऱ्होड्स

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे ज्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, त्या वाचकांना ‘पदरी असणे’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गवई पदरी असे, पहिलवान पदरी असे. त्याचा लौकिक मोठा, पण दरबारात त्याची बसायची जागा ठरलेली. विलायतेत क्रिकेट खेळून पोट भरणाऱ्याची स्थिती याहून फार निराळी नव्हती. ती समजून घ्यायची तर यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांची कारकीर्द पाहावी.

त्या काळी इंग्लंडातल्या कौंटी संघांत दोन जातींचे खेळाडू असत. घरचे खाऊन खेळणारे ते हौशी, वेतन घेऊन खेळणारे ते व्यावसायिक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या. लॉर्ड्‌ससारख्या ठिकाणी मैदानात उतरायची फाटकेही वेगळी. कर्णधार मात्र जवळजवळ नेहमी हौशांतला, मग त्याला खेळ कितीही बेताचा येवो.

ऱ्होड्स यांचा जन्म 29 ऑक्टोबर 1877 चा, हडर्सफील्डजवळच्या कर्कहीटन गावचा. पुढे ज्यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते अष्टपैलू जॉर्ज हर्स्ट हेही याच गावचे. तरुणपणी ऱ्होड्स रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते. सामन्याला वेळेवर पोहोचायचे म्हणून त्यांनी सुटीची घंटा आधीच वाजवली आणि नोकरी गमावली, अशी हकीकत सांगतात. पुढे स्कॉटलंडातल्या गॅलाशील्स येथे दोन हंगाम त्यांनी क्लबाची चाकरी केली. हिवाळ्यात चेंडूच्या अर्ध्या भागाला खडू लावून तो किती फिरतो हे न्याहाळत ते एकट्याने सराव करीत.

त्यांना संधी मिळाली ती दुसऱ्याची गेल्यामुळे. यॉर्कशायरचे डावखुरे फिरकी गोलंदाज बॉबी पील यांना दारूच्या अमलात मैदानावर आल्याबद्दल कर्णधार लॉर्ड हॉक यांनी 1897 मध्ये काढून टाकले. 1898 मध्ये त्यांच्या जागी ऱ्होड्स आले आणि पहिल्याच हंगामात त्यांनी 154 बळी घेतले. 1900 मध्ये 261, पुढच्या वर्षी 251. जून 1899 मध्ये ते पहिला कसोटी सामना खेळले, डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा तोच शेवटचा. 1902 मध्ये बर्मिंगहॅमला त्यांनी 17 धावांत 7 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव 36 धावांत संपला.

लॉर्ड हॉक यांना केवळ कठोर म्हणून सोडून देता येत नाही. व्यावसायिकांना हिवाळ्यातही वेतन मिळावे ही सोय त्यांनीच लावली. एरवी हंगाम संपला की हे खेळाडू पुन्हा कुठेतरी मजुरीला जात. पण व्यावसायिकाच्या हाती कधी इंग्लंडचे नेतृत्व जाऊ नये, अशी देवाला विनवणी करणारे जाहीर उद्गारही 1925 मध्ये त्यांचेच. अन्नदाता आणि अडवणारा एकच असू शकतो, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नवीन नाही.

गोलंदाज म्हणून नाव झालेल्या ऱ्होड्स यांनी फलंदाजी कष्टाने कमावली. अकराव्या क्रमांकावर येऊन 1903 मध्ये सिडनीला त्यांनी फॉस्टर यांच्याबरोबर शेवटच्या जोडीसाठी 130 धावा जोडल्या. तेच ऱ्होड्स 1912 मध्ये मेलबर्नला जॅक हॉब्ज यांच्यासह सलामीला उतरले आणि त्या जोडीने 323 धावा केल्या. ऱ्होड्स यांच्या 179 होत्या. महायुद्धात मेजर बूथ हे यॉर्कशायरचे गोलंदाज कामी आले (‘मेजर’ हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे), आणि अलोन्झो ड्रेक आजाराने गेले. मग चाळिशी पार केलेल्या ऱ्होड्स यांनी पुन्हा चेंडूचा भार उचलला. संघाला ज्या वेळी जे हवे, ते त्यांनी दिले. एका हंगामात हजार धावा आणि शंभर बळी ही कामगिरी त्यांनी 16 वेळा केली. एकूण 1110 प्रथम श्रेणी सामने आणि चार हजारांहून अधिक बळी. दोन्ही विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहेत.

एक दंतकथा इथे दुरुस्त करायला हवी. 1902 मध्ये ओव्हलला हर्स्ट आणि ऱ्होड्स या शेवटच्या जोडीने 15 धावा काढून सामना जिंकला. त्या वेळी ‘एकेक धाव घेत जिंकू’ असे हर्स्ट म्हणाले, हे वाक्य घरोघर पोहोचले. ऱ्होड्स मात्र असे काही बोलणे झालेच नाही म्हणत.

1926 मध्ये इंग्लंडच्या निवड समितीत ऱ्होड्स यांना घेतले, आणि त्याच समितीने ओव्हलच्या निर्णायक कसोटीसाठी अठ्ठेचाळीस वर्षांच्या ऱ्होड्स यांचीच निवड केली. दुसऱ्या डावात त्यांनी 44 धावांत 4 बळी घेतले, अ‍ॅशेस परत आल्या. पण पुढच्याच वर्षी यॉर्कशायरचे कर्णधारपद रिकामे झाले तेव्हा समितीने ते हर्बर्ट सटक्लिफ या त्यांच्याहून कितीतरी धाकट्या व्यावसायिकाला देऊ केले. त्यावर वादळ उठले, सटक्लिफ यांनी नकार दिला आणि पद पुन्हा हौशाकडे गेले. सर्वांत ज्येष्ठ असून आपल्याला कोणी विचारलेही नाही, ही खंत ऱ्होड्स यांना राहिली. विसाव्या शतकात यॉर्कशायरला पहिला व्यावसायिक कर्णधार मिळायला 1960 साल उजाडावे लागले.

इथे धारवाडात जन्मलेले पालवणकर बाळू आठवतात. तेही डावखुरे मंदगती गोलंदाज आणि ऱ्होड्स यांचे समकालीन. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची चाकरी करता करता त्यांची गोलंदाजी घडली. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी चर्मकार म्हणून हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. ते 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. दोघांचे दुःख सारखे म्हणता येणार नाही. ऱ्होड्स यांचे फाटक वेगळे होते. बाळूंना तर संघाच्या पंक्तीबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा मिळे.

ऱ्होड्स 1930 पर्यंत खेळले. त्याच वर्षी किंग्स्टनला शेवटच्या कसोटीत उतरले तेव्हा त्यांचे वय 52 होते. 1949 मध्ये एम.सी.सी.ने काही निवृत्त व्यावसायिकांना सन्माननीय सभासदत्व दिले, त्यांत ते आणि हर्स्ट होते. पुढे दृष्टी पार गेली, तरी ते सामन्यांना जात आणि बॅटच्या आवाजावरून खेळ ओळखत. हौशी-व्यावसायिक हा भेद 1962 मध्ये कागदोपत्री मिटला. ऱ्होड्स तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. 8 जुलै 1973 रोजी ते वारले.

वाचकहो, आपल्या घरांतल्या जुन्या कागदांत पदरी असलेल्यांच्या नेमणुका, वर्षासने यांच्या नोंदी सापडतात. त्या वाचताना काय दिले याबरोबर काय दिले नाही, हेही पाहावे. ऱ्होड्स यांच्या बळींची संख्या सगळे सांगतात. 1927 ची ती नोंद मात्र शोधून वाचावी लागते.