‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाचा इतिहास

दिवाळीच्या सुट्टीत लातूरला एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. आजार असा काही नव्हता. पंचेचाळिशी ओलांडली, एकदा सगळं नीट दाखवून घ्यावं, एवढंच मनात होतं. बाहेर नाव लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, “सोबत कोण आहे?” मी म्हटलं, “कोणी नाही. एकटीच आलेय.” तिने एकदा वर बघितलं आणि नाव लिहिलं.

बाईंनी रक्तदाब मोजला, रिपोर्ट चाळले आणि बाजूला ठेवले. मग प्रश्न सुरू झाले. झोपता किती वाजता? मधे जाग येते का? चहा किती? जेवण सगळ्यांच्या आधी की सगळ्यांच्या नंतर? चालणं होतं का? राग आला तर काय करता? आणि शेवटी, “शाळेत दिवसभरात लघवीला किती वेळा जाता?”

मी गप्प झाले. वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर होतं, “एकदाही नाही.” आधी ज्या शाळेत होते तिथे एकच स्वच्छतागृह होतं आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. आम्ही बायकांनी त्यावर उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. शाळा बदलली, सवय राहिली.

चाकूरला परतताना बसमध्ये एकच विचार डोक्यात होता. हे प्रश्न मला नवे नव्हते. मी उर्दू शिकवते. हे प्रश्न मी जुन्या तिब्बी किताबांत वाचलेले होते, जवळजवळ याच क्रमाने.

सहा गोष्टी

युनानी वैद्यकात ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ नावाची एक यादी आहे. माणसाला ज्यांच्याशिवाय जगता येत नाही आणि ज्या बिघडल्या की माणूस बिघडतो, अशा या सहा गोष्टी. हवा. खाणं-पिणं. शरीराची हालचाल आणि आराम. मनाची हालचाल आणि आराम. झोप आणि जागरण. आणि सहावी ‘एहतबास व इस्तिफराग’, म्हणजे शरीरात काय धरून ठेवायचं आणि काय बाहेर टाकायचं.

या विचाराचं मूळ ग्रीक. दुसऱ्या शतकातल्या जालिनूसच्या, म्हणजे गॅलनच्या, लेखनातून तो आला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्या भाषांतरकारांनी ही विद्या अरबीत आणली. इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या ‘अल-कानून’मध्ये तिला भक्कम मांडणी मिळाली. अकराव्या शतकात बगदादच्या इब्न बुत्लान या हकिमाने तर आरोग्याचे तक्तेच तयार केले. ‘तकवीम अस-सिह्हा’ हे त्या ग्रंथाचं नाव. कुठला पदार्थ कोणाला मानवतो, कोणत्या ऋतूत, किती, हे सगळं रकान्यांत मांडलेलं. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या श्रीमंत घरांत त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. आज भिंतीवर आहाराचे तक्ते लावतात, त्यांचा हा एक पूर्वज.

म्हणजे हकिमाकडे जाणं हे फक्त दुखणं सांगायला नव्हतं. आधी मिजाज ओळखायचा. त्यासाठी इब्न सीनांनी दहा निशाण्या सांगितल्या आहेत. त्यांत अंगाचा स्पर्श, केस, वर्ण, बांधा यांबरोबर झोप कशी आहे आणि मन कशाने किती हलतं हेही आहे. हे सगळं विचारायला वेळ लागतो आणि उत्तर द्यायला विश्वास लागतो. म्हणूनच नवव्या शतकात अल-रुहावी यांनी ‘अदब अल-तबीब’ हा ग्रंथ हकिमाने वागावं कसं एवढ्याच विषयावर लिहिला.

दख्खनमध्ये

ही विद्या आपल्याकडे फार लवकर पोहोचली. अहमदनगरच्या बुरहान निजामशाहाच्या दरबारात हकीम होते आणि गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्यही त्याच्या उपचारासाठी येत असे. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला. इथल्या औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, तोही संवादाच्या रूपात, प्रश्न आणि उत्तरं. निजामशाहाशी आणि त्याच्या हकिमांशी झालेल्या गोष्टी त्यात येतात. नगरच्या त्या महालात एक पोर्तुगीज आणि अरबी-फारसी जाणणारे हकीम एकाच रुग्णाजवळ बसून बोलत होते आणि दोघांमधला सामाईक दुवा होता इब्न सीना.

इतिहासकार म्हणून ज्याचं नाव आपण ऐकतो तो मुहम्मद कासिम फरिश्ता हा स्वतः वैद्यक जाणणारा होता. तो आधी अहमदनगरला होता, नंतर विजापूरला इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्याकडे गेला. त्याने ‘दस्तूर अल-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात हिंदुस्थानी वैद्यांचं ज्ञान फारसी वाचकांसाठी मांडलं. हैदराबादमध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९५ मध्ये दारुश्शिफा उभारली. पुढे निजामांच्या काळात चारमिनारजवळ युनानी दवाखान्याची मोठी इमारत झाली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू, आणि दवाखान्याची भाषाही बरीचशी तीच.

वैद्यांचं सांगणंही फार वेगळं नव्हतं. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा. चौथ्यात नैसर्गिक वेग अडवल्याने काय काय आजार होतात ते येतं. हकिमांची सहावी गोष्ट आणि वाग्भटांचा चौथा अध्याय शेजारी ठेवा, दोघे एकाच दारावर बोट ठेवतात. आमच्या तालुक्यात वडवळ नागनाथजवळ संजीवनी बेट आहे. पावसाळा सरताना तिथल्या वनौषधींसाठी लोक दुरून येतात. तिथे येणाऱ्यांना कोणती वनस्पती वैद्याची आणि कोणती हकिमाची, याची पंचाईत पडलेली मी तरी पाहिली नाही.

भाषेत राहिलेला हकीम

मराठीच्या तासाला मी मुलांना एक खेळ देते. घरात रोज वापरले जाणारे, दवाखान्यातून आलेले शब्द शोधा. दवा, इलाज, हकीम हे लगेच निघतात. मग मलम, जे मूळ ‘मरहम’. जुलाब, जे गुलाबपाण्याशी नातं सांगतं. मुरंबा, जो ‘मुरब्बा’ म्हणून हकिमाच्या कपाटात असायचा. ‘मिजास’ हा शब्द आला की मुलं हसतात. मिजाज म्हणजे प्रकृतीचा तोल. मराठीत येता येता त्याचा ताठा झाला!

सगळ्यांत मोठा शब्द तब्येत. युनानीत ‘तबीयत’ म्हणजे शरीराला आतून सांभाळणारी, बरं करणारी शक्ती. हकीम फक्त तिला मदत करतो. गावात कोणीही कोणालाही विचारतं, “तब्येत कशी आहे?” त्यात हजार वर्षांचं वैद्यक आहे. पण आपण हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाही. “बरी आहे” हे उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पडद्याआडचा हात

इथे मला थांबावं लागतं, कारण या इतिहासाचा अभिमान सांगताना एक गोष्ट सुटते. ती निवांत भेट कोणाला मिळत होती? बादशहाला, अमिराला, मोठ्या घरातल्या पुरुषाला. फ्रेंच वैद्य बर्निए सतराव्या शतकात मुघल दरबाराच्या आसऱ्याला होता. दिल्लीच्या जनानखान्यात त्याला डोक्यावरून शाल टाकून, आंधळ्यासारखं हाताला धरून नेलं गेलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. बडी घरं असली तर पडद्याआडून हात बाहेर येई आणि हकीम नब्ज पाहत. नब्ज हाताला लागते, पण झोप, धास्ती, लाज या गोष्टी पडद्यातून कशा कळणार? ते सांगणारं दुसरंच कोणीतरी असे.

हे ओळखणारेही होते. हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांनी १९०९ मध्ये दिल्लीत सुईणींना शिकवण्यासाठी जनाना मदरसा तिब्बिया सुरू केला. त्यांच्या तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी केलं, हे बहुतेकांना माहीत असतं. सुईणींचा मदरसा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझी अम्मी २०११ मध्ये गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. रक्तदाब किती वर्षांपासून वाढलेला होता, कोणालाच ठाऊक नाही. ती दवाखान्यात कधी गेली नाही असं नाही. पण प्रत्येक वेळी सोबत अब्बा किंवा भाई. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारायचे आणि भाई उत्तर द्यायचा. मधूनच ती म्हणायची, “मेरेकू क्या हुआ, मै तो अच्छी हूं.” ती पाच मिनिटं अशीच संपायची. यात भाईचा दोष काढत नाही, तो काळजीनेच बोलायचा. पण रात्री तिचं डोकं ठणकायचं आणि ती दुपट्टा कपाळाला घट्ट बांधून पडायची, हे भाईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

हकिमाचंही सगळं पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही. वाढलेला रक्तदाब बोटांना नेमका कळत नाही, तो मोजावा लागतो. दंडाला पट्टा बांधून मोजायचं यंत्र रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये केलं. इब्न सीनांकडे ते नव्हतं, अम्मीच्या काळात ते तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात होतं. यंत्र असावं आणि प्रश्नही असावेत.

आज सरकारी पातळीवर तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाची तपासणी करायची योजना आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरतात: तंबाखू खाता का, कंबर किती, हालचाल किती, घरात कोणाला काय आजार. राज्यात २६ सप्टेंबर २०२२ पासून ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीमही निघाली. चांगलंच आहे. पण फॉर्म भरला जातो तो ओसरीवर, सासू, दीर, मुलं समोर. खरं उत्तर तिथे कसं निघेल?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या उन्हाळ्यात घराघरांत पाण्याला पहिली कात्री कोणी लावून घेतली, हे कुठे नोंदलं गेलं नाही. जिथे पाणी नाही आणि आडोसा नाही, तिथे सहावी गोष्ट बाईच्या अंगावरच येते. बाईंनी माझ्या कागदावर औषधाच्या आधी लिहिलं, “दर तीन तासांनी.” दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या मुलींना वर्गाबाहेर बोलावलं आणि विचारलं, शाळेत पाणी पिता का? बारापैकी नऊ जणींनी मान खाली घातली. त्याच आठवड्यात स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढून दुरुस्त करून घेतली. दोनशे दहा रुपये लागले.

वाचकांना एवढंच सांगणं. आईला, बायकोला, बहिणीला दवाखान्यात जरूर घेऊन जा. गाडी काढा, नंबर लावा, पैसे भरा. तिचं नाव पुकारलं की तिला एकटीला आत जाऊ द्या आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. कितीही वेळ लागला तरी.